शब्द कळले नाहीत, तरी गाणं कळतं का?

बालमित्रांनो, तुमच्या घरी गाण्यांवरून वादावादी होते का हो? तुम्ही एखादं इंग्रजी गाणं लावावं आणि आतल्या खोलीतून आवाज यावा, "बंद कर तो धांगडधिंगा! शब्द तरी कळतात का तुला?" मग तुम्ही फुरंगटता, कानात इअरफोन घालता आणि वाद तिथंच मिटतो. खरं म्हणजे मिटत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो.

मला विचाराल, तर आई-बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. रास्त प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. पण "मस्त आहे", "भारी आहे" ही काही उत्तरं नव्हेत. भेळही मस्त असते आणि सुट्टीही! गाण्यातलं नेमकं काय आवडलं? ऐकताना मनात काय आलं? हे सांगता आलं, तर ऐकणाऱ्यालाही ते गाणं एकदा ऐकावंसं वाटतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं इंग्रजी काही फाडफाड नाही. तरी इंग्लंडमधली तीन गाणी माझी फार लाडकी आहेत. ती मला का आवडतात, ते सांगते. तुम्हाला पटलंच पाहिजे असं मुळीच नाही.

पहिलं गाणं 'यस्टरडे'. म्हणजे 'काल'. लिव्हरपूल या बंदराच्या गावातल्या चार तरुणांचा वाद्यवृंद होता, 'द बीटल्स'. त्यांतल्या पॉल मॅकार्टनीला या गाण्याची चाल चक्क झोपेत, स्वप्नात सुचली. जागा झाल्यावर त्याला वाटलं, ही नक्की दुसऱ्या कुणाची तरी चाल असणार! म्हणून कितीतरी दिवस तो ओळखीच्यांना वाजवून दाखवून विचारत होता, "ही कुठं ऐकलीय का?" शब्द सुचेनात, तेव्हा चाल विसरू नये म्हणून त्यानं त्यात तात्पुरते शब्द भरले. कशाचे, माहीत आहे? अंड्याच्या भुर्जीचे! 1965 साली गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा बाकीचे तिघे त्यात नव्हतेच. एकटा पॉल, त्याची गिटार आणि सोबत व्हायोलिनच्या घराण्यातली चार वाद्यं. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. हे ऐकताना मला आमच्या गावची एस.टी. आठवते. मागच्या काचेतून लहान लहान होत जाणारा फाटा दिसतो ना, अगदी तसं वाटतं. ओरडून रडणं नाही, नुसता आवंढा गिळणं.

दुसरं गाणं 'हे ज्यूड'. तेही पॉलचंच, 1968 सालचं. त्याचा जोडीदार जॉन लेनन आणि जॉनची बायको सिंथिया तेव्हा वेगळे होत होते. त्यांचा मुलगा ज्युलियन अवघा पाच वर्षांचा होता. पॉल गाडी चालवत त्या मायलेकांना भेटायला निघाला, आणि वाटेत त्या लहानग्याची समजूत काढावी म्हणून त्याला हे गाणं सुचलं. विचार करा, मोठ्यांच्या भांडणात पाच वर्षांच्या पोराची आठवण कुणाला राहते? या माणसाला राहिली! गाणं सात मिनिटांहून थोडं जास्त आहे. सुरुवातीला एकटा आवाज आणि पियानो. मग एकेक जण येत जातो. शेवटची जवळजवळ चार मिनिटं तर एकच निरर्थक बोल सगळे मिळून पुन्हा पुन्हा गातात. त्यासाठी बोलावलेल्या वादकांनाही टाळ्या वाजवायला आणि गायला लावलं होतं.

हे गाणं मी एकदा माझ्या चौथीच्या वर्गाला ऐकवलं. अर्थ सांगितला नाही, त्यामागची हकिगतही सांगितली नाही. फक्त म्हटलं, "जे वाटलं ते लिहा." एकानं लिहिलं, "खूप लांबलं." तेही खरंच आहे! पण एका मुलीनं लिहिलं, "आधी तो एकटाच होता. मग सगळे आले. मला बरं वाटलं." या मुलीचे आई-बाबा ऊसतोडीला जातात. सहा-सहा महिने ती आजीजवळ राहते. एरवी वर्गात ती फारशी बोलत नाही. तिला एकही इंग्रजी शब्द कळला नव्हता, पण गाणं मात्र कळलं होतं. आणि मला ती कळली.

तिसरं गाणं एकदम वेगळं. 'क्वीन' या वाद्यवृंदाचं 'वुई विल रॉक यू', 1977 सालचं. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. धप धप टाळी! शेवटी गिटार येईपर्यंत दुसरं वाद्यच नाही. ऐकणाऱ्यांनाही गाण्यात भाग घेता यावा, म्हणून ब्रायन मे यानं ते तसं रचलं. मोजक्या माणसांनी फळ्यांवर पाय आपटले आणि तो आवाज एकावर एक चढवून हजारोंच्या गर्दीसारखा केला. या ब्रायननं आपली गिटार वडिलांच्या मदतीनं घरीच बनवली होती, शेकोटीभोवतीच्या जुन्या लाकडी चौकटीचं लाकूड वापरून. आणि अर्धवट राहिलेला खगोलशास्त्राचा अभ्यास पुरा करून 2007 साली त्यानं पीएच.डी. मिळवली! हे गाणं गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बलसारा. झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, आणि शाळा कुठली? आपल्या पाचगणीची! हे गाणं ऐकलं की मला लेझीम आठवतं. एकटा माणूस लेझीम खेळला तर खुळखुळाट; शंभर जण एका तालात आले तर अंगावर काटा.

आता तुमची पाळी. एक गाणं निवडा. इंग्रजीच हवं असं नाही. डोळे मिटून दोनदा ऐका. मग वहीत तीन गोष्टी लिहा: कुठल्या जागी मन हललं? तेव्हा डोळ्यांसमोर काय आलं? हे गाणं कुणाला ऐकवावंसं वाटलं? शब्दांचा अर्थ नंतर कोशात जरूर शोधा. कधी कधी अर्थ कळल्यावर गाणं आणखी आवडतं, कधी नावडतंही होतं. दोन्ही चालेल.

आणि पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. "बंद कर" म्हणण्याआधी "यात तुला काय आवडलं?" असं एकदा विचारून पाहा. गाणं कदाचित तुम्हाला नाही आवडणार. पण जे मूल समोर बसून कधी सांगत नाही, ते गाण्याच्या आडून सांगून जातं. मुलांनो, तुम्हीही आई-बाबांना त्यांचं आवडतं गाणं विचारा आणि मध्येच न उठता शेवटपर्यंत ऐका. फिट्टंफाट!

मग, आज रात्री जेवणं झाली की कुणाचं गाणं आधी लावणार?