कोशातली रात्रपाळी

बालमित्रांनो, तुमच्या घराजवळ कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड आहे का? मग उद्या त्याची कोवळी पानं नीट बघा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर झटकून टाकू नका हं! ती कदाचित फुलपाखराची अळी असेल. शत्रूनं फसावं म्हणून तिनं घेतलेलं ते सोंग आहे.

आमच्या बोईसरच्या शाळेत दुसरीच्या मुलांनी पावसाळ्यात अशी एक अळी आणली. ती लिंबाच्या फुलपाखराची होती. आम्ही तिला काचेच्या बरणीत ठेवलं आणि रोज ताजा पाला घातला. काय खादाड होती! अंग वाढलं की जुनी कात टाकायची. शेवटी ती हिरवीगार झाली. बोट लावलं की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढी, आणि असा उग्र वास सोडी की मुलं नाक धरून पळत!

एके दिवशी तिनं खाणं सोडलं. रेशमाच्या धाग्यानं स्वतःला काडीला बांधून घेतलं आणि तिचा कोश झाला. एका मुलानं विचारलं, "बाई, माझे बाबा तारापूरच्या कंपनीत रात्रपाळी करतात आणि दिवसा चादर घेऊन झोपतात. अळीपण तशीच झोपलीय?"

मी म्हटलं, "नाही रे, ती आत्ता पाळीवर गेलीय!"

खरंच, कोशात जोरात काम चालू असतं. अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळतो. पंख, पाय, डोळे घडवणारे पेशींचे इवलेसे पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच दडलेले असतात, ते आता भराभर वाढतात. पानं कुरतडणारा जबडा जातो आणि फुलातला रस ओढणारी सोंड येते.

आठवड्याभरानं कोश काळपट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर आलं. त्याचे पंख ओले, चुरगळलेले होते. अशा वेळी ते उंच जागी लटकतं आणि अंगातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलून पंख पसरतं. पण आमची बरणी अरुंद होती. पंख काचेला टेकले आणि वाकडेच वाळले. ते फुलपाखरू कधीच उडलं नाही.

वर्गात कुणी बोलेना. तोच मुलगा हळूच म्हणाला, "बाई, त्यानं तर काम पुरं केलं होतं ना?"

हो, त्यानं केलं होतं. जागा द्यायला मीच चुकले होते. पुढच्या वर्षी आम्ही मोठं खोकं घेतलं, त्याला मच्छरदाणीचं कापड लावलं, आत उभ्या काड्या ठेवल्या. कोशाला कुणी हात लावला नाही. त्या वर्षीचं फुलपाखरू पंख वाळल्यावर खिडकीतून थेट बाहेर गेलं, आणि वर्गात काय टाळ्या झाल्या म्हणून सांगू!

पालकांनाही एक विनंती. कढीपत्त्याची चार पानं कुरतडलेली दिसली, तर लगेच औषध फवारू नका. 'ब्लू मॉरमॉन' हे निळं-काळं फुलपाखरू २०१५ साली आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात.

मग मुलांनो, उद्या पानं बघणार ना? बघा, पण घाई करू नका. आत पाळी चालू आहे!