पाना कोणाच्या हाती?

१९७४ साली अभियंत्यांच्या भरतीसाठी टेल्कोने जी जाहिरात काढली तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ताकीद होती. सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून तिला हरकत घेतली नसती, तर तीही इतर जाहिरातींप्रमाणे निमूटपणे दप्तरजमा झाली असती. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९१ मध्ये, महर्षी कर्व्यांच्या संस्थेने त्यांच्या हिंगण्याच्या कर्मभूमीतच केवळ मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, तेव्हा मुलींना वेगळे काढून काय साधणार, असा आक्षेप सुज्ञांनीही घेतला असेल. आणि तो अगदीच निराधार होता असेही नाही.

त्याचे उत्तर रोबोकॉनने दिले. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची विद्यार्थ्यांनी घडवलेल्या यंत्रमानवांची ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली, २००८ मध्ये पुण्यात भरली तेव्हा चक्क दहीहंडीवर बेतलेला 'गोविंदा' हा खेळ यंत्रांना खेळावा लागला, आणि राष्ट्रीय फेरीमुळे बालेवाडीचे क्रीडासंकुल अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या जयघोषाने दुमदुमत राहिले. मुलामुलींच्या संमिश्र संघांत मुलींना मज्जाव कधीच नव्हता. परंतु यंत्राचा सांगाडा मुलांनी जोडावा आणि अहवाल, प्रायोजकांना पत्रे, हिशेब हे मुलींनी सांभाळावे, अशी जी वाटणी कोणीही न ठरवता आपोआप होई, ती मज्जावाहून अधिक चिवट होती, कारण तिच्याविरुद्ध अर्ज करायचा तरी कोणाकडे? मुलींच्याच संघात मात्र ॲल्युमिनियमची चौकोनी नळी करवतीने कापणे, तिची धार कानशीने मारणे आणि मोटारीच्या पट्टीला छिद्र पाडणे या कामांना दुसरे कोणी नसतेच. छिद्र मिलिमीटरभर सरकले, चाक डगमगले, यंत्र वाकडे धावले की ती पट्टी उतरवून पुन्हा पाडावी लागते, आणि आत्मविश्वास या पुन्हा पाडलेल्या छिद्रांतूनच येतो, प्रोत्साहनपर व्याख्यानांतून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शासनाने आपल्या परीने हात आखडता घेतलेला नाही. अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींना तीस टक्के आरक्षण आहे, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले आहे. वर्गाचे दार उघडण्यास शासननिर्णय पुरतो. स्पर्धा तोंडावर आली म्हणजे रात्र रात्र चालणाऱ्या कार्यशाळेचे दार मात्र वसतिगृहाच्या घंटेबरोबर मुलींपुरते बंद होते.

तेव्हा संघाच्या यादीवर सही करणाऱ्या प्राध्यापकांना विनंती एवढीच, की यादीत मुलींची नावे किती हे मोजण्याआधी ड्रिलयंत्रावरच्या पाळ्या कोणाच्या आहेत हे पाहावे, आणि कार्यशाळा जितका वेळ उघडी राहील तितका वेळ मुलींना बाहेर राहण्याची मुभा मिळावी, असे पत्र वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे स्वतःच्या सहीने धाडावे.