टेबलावरची आगगाडी : कारखान्यातून दुकानात



मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात मुले एकमेकांचा सदरा धरून आगगाडी करतात, ती तुम्ही नेहमीच पाहता. पुढचा धट्टाकट्टा मुलगा इंजिन, मागचे सगळे डबे, आणि शेवटी धापा टाकीत येणारा सर्वांत धाकटा तो गार्ड. या गाडीला भांडवल लागत नाही. आज मी तुम्हांला ज्या गाडीविषयी सांगणार आहे, तिला मात्र लागते, आणि तेही इतके की तिच्यापायी नावाजलेले कारखाने आडवे झाले आहेत.

ही गाडी टेबलावर धावते. खोक्यातून काढली, रुळांवर ठेवली, वीज जोडली की चालू लागली. म्हणून इंग्रजीत तिला ‘रेडी टु रन’ म्हणतात. आपण तिला ‘तयार गाडी’ म्हणू. तयार अशासाठी, की या छंदातले काही लोक पितळेचे पत्रे कापून, डाख देऊन, महिनोन्‌महिने खपून स्वतःच इंजिन बनवतात. पण सगळ्यांचे हात तितके कसबी नसतात आणि सगळ्यांना तितका वेळही नसतो. अशांसाठी कारखानदार पुढे आला.

या धंद्याचे मूळ भातुकलीत आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. जर्मनीत गोपिंगेन नावाच्या गावी १८५९ साली थिओडोर मेर्क्लिन या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली भांडीकुंडी करून विकायला सुरुवात केली. तो १८६६ साली वारला. मागे त्याच्या पत्नीने, कॅरोलिनबाईंनी, धंदा नेटाने चालवला आणि पुढे मुलांनी तो हाती घेतला. आता भातुकलीचा एक गुण पाहा. मुलीला या वर्षी चूल दिली की पुढच्या वर्षी तवा हवा, त्याच्या पुढच्या वर्षी पातेली. गिऱ्हाईक एकदा आले की पुन्हा पुन्हा येते. मेर्क्लिन मंडळींनी हीच युक्ती आगगाडीला लावली. १८९१ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत त्यांनी चावीची गाडी मांडली, आणि तिच्याबरोबर ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ ठेवले. आज गोल रूळ घ्या, उद्या सांधा घ्या, परवा आणखी दोन वाघिणी घ्या. खेळण्यातल्या आगगाड्या त्याआधीही होत्या. पण रुळांची मापे ठरवून दिल्यामुळे खेळणे हे एक खरेदीचे खाते होऊन बसले. माझ्या मते इंजिन बनवण्यापेक्षाही हीच गोष्ट अधिक डोक्याची होती.

इंग्लंडात हे काम लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी याने केले. नटबोल्टांनी जोडायच्या भोकाच्या पट्ट्यांचे ‘मेकॅनो’ हे त्याचेच; त्याचे पेटंट १९०१ सालचे. १९२० मध्ये त्याने चावीच्या गाड्या काढल्या, आणि पहिली गाडी तर मेकॅनोसारखी नटबोल्ट काढून सुटी करता येत असे. हॉर्नबी १९३६ साली वारला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, त्याच्या कंपनीने ‘हॉर्नबी डब्लो’ नावाची लहान गाडी काढली, ती जेवायच्या टेबलावर मावे.

आता थोडे गणित. गुरुजनांनी हे वर्गात अवश्य करून पाहावे. युरोपात रुळांमधले अंतर बहुतेक ठिकाणी १४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागा, सुमारे १६.५ येतात. म्हणून १६.५ मिलिमीटरच्या रुळावरची गाडी खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्शाची. इंग्रजांची गोष्ट मात्र गंमतीची आहे. त्यांचे बोगदे आणि पूल अगदी सुरुवातीच्या काळात बांधलेले, त्यामुळे त्यांची इंजिने अंगाने लहान. ती सत्याऐंशीव्या हिश्शाची केली तर त्या काळची विजेची मोटर आत मावेना. मग त्यांनी रूळ तेच ठेवले आणि इंजिनाचे अंग तेवढे वाढवून शहात्तराव्या हिश्शाचे केले. मोठ्या भावाने धाकट्याच्या वहाणा घालाव्या तसला हा प्रकार! इंग्लंडातले चोखंदळ शौकीन याबद्दल आजही कुरकुरतात, पण एकदा लाखो घरांत ते रूळ गेल्यावर बदलणार कोण?

दुसरे गणित वजनाचे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही शहात्तर पटींनी घटतात, म्हणजे आकारमान शहात्तर गुणिले शहात्तर गुणिले शहात्तर, सुमारे ४ लाख ३९ हजार पटींनी घटते. शंभर टनांचे इंजिन त्या हिशेबाने अवघे सव्वादोनशे ग्रॅमचे! इतके हलके इंजिन डबे ओढताना चाके गरगरवत जागीच राहण्याचा संभव. म्हणून कारखानदार इंजिनाच्या पोटात जड धातूचा सांगाडा घालतो.

तिसरे वळणाचे. बाजारात मिळणाऱ्या रुळांच्या एका नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते. खऱ्या मापात ते अवघे ३३ मीटर झाले. एवढ्याशा वळणावरून मुख्य मार्गावरचे मोठे इंजिन नेऊ म्हटले तर ड्रायव्हर हातच जोडील. पण घरात टेबल असते तेवढेच असते. म्हणून मधल्या चाकांच्या कडा छाटायच्या, चाकांना आडवी हालचाल ठेवायची, डब्यांमधले अंतर थोडे जास्त धरायचे, अशा तडजोडी कराव्या लागतात. हुबेहूब दिसावे आणि घरच्या टेबलावर धावावे, या दोन ओढींत आखणी करणाऱ्याची सारी हुशारी पणाला लागते.

बनवण्याची रीत अशी. आधी कोणते इंजिन घ्यायचे ते ठरते. मग जुने नकाशे, छायाचित्रे गोळा करायची. खरे इंजिन एखाद्या संग्रहालयात उभे असेल तर तिथे जाऊन मापे घ्यायची. हल्ली प्रकाशकिरणांनी मोजणारे यंत्रही लावतात. त्यावरून संगणकावर प्रत्येक भागाचे रेखाटन, आणि त्या रेखाटनावरून पोलादी साचे. साचा हीच या धंद्यातली खरी दौलत. एका इंजिनाला अनेक साचे लागतात, आणि पोलादात उलटे कोरलेले ते काम फार बारकाईचे व खर्चाचे असते. साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरले की इंजिनाचे वरचे कवच मिळते. खालचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा, तोही साच्यात दाबाने ओतलेला. मग रंग, आणि रंगावर बारीक अक्षरे. ही अक्षरे रबरासारख्या मऊ गादीने उचलून छापतात, म्हणजे ती फुगीर भागावरही नीट बसतात. शेवटी जुळवणी, आणि ती बव्हंशी हातानेच. सुईएवढे कठडे, शिट्ट्या, पायऱ्या यंत्राला काय लावता येणार?

आतल्या मोटरीच्या दांड्यावर मळसूत्रासारखा दात असतो, तो चाकाच्या आसावरच्या दातेरी चक्रात बसतो. त्यामुळे मोटर भराभर फिरली तरी चाके बेताने फिरतात. वीज एका रुळातून येते, दुसऱ्यातून परत जाते. म्हणून दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवावी लागतात. नाहीतर ठिणगी!

आता त्या जस्ताबद्दल सांगायलाच हवे. जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळले की ओतकाम सुबक होते. पण त्यात शिशाचा किंचित अंश गेला, अगदी हजारातला काही हिस्सा, तरी पुढे अनर्थ होतो. आज ओतलेला भाग गुळगुळीत, घट्ट दिसतो. काही वर्षांनी दमट हवेत त्याच्या कणांच्या सांध्यांमधून आत गंज चढतो, भाग फुगतो, वाकतो, त्याला तडे जातात, आणि शेवटी हातात घेतला की जुन्या भाकरीसारखा तुकडे होतो. १९३० च्या सुमाराच्या कितीतरी गाड्या अशा गेल्या. उपाय एकच, जस्त अत्यंत शुद्ध घेणे आणि वितळवायच्या भट्टीत भलतेसलते भंगार न टाकणे. एखाद्या कामगाराने जमिनीवरचे डाखाचे तुकडे झाडून भट्टीत टाकले, तर त्या दिवशी कोणाला काही कळत नाही. कळते ते दहा वर्षांनी, दूर देशातल्या एखाद्या गिऱ्हाइकाने कपाट उघडल्यावर. झालेल्या भागाला औषध नाही. नवे काही कारखाने आहेत, त्यांच्या मालातही हा रोग अधूनमधून निघालेला आहे.

आता धंद्याचा हिशेब. समजा, साच्यांना एक कोटी रुपये लागले. इंजिने दोन हजार विकली गेली, तर प्रत्येक इंजिनावर नुसत्या साच्याचा बोजा पाच हजारांचा. दहा हजार विकली, तर हजाराचा. म्हणजे गिऱ्हाईक किती, यावरच सारे अवलंबून. म्हणून एकाच साच्यातून जितके रंग काढता येतील तितके काढतात. या बाबतीत वाघीण इंजिनापेक्षा गुणी. इंग्लंडात १९४८ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वी कोळशाच्या खाणी आणि व्यापारी स्वतःच्या वाघिणी ठेवीत, आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत नाव रंगवीत. कारखानदाराला याहून काय हवे? साचा एक, नावे शेकडो. गिऱ्हाईकही खूष, त्याच्या गावच्या व्यापाऱ्याचे नाव वाघिणीवर पाहून.

दोन कारखानदारांनी नेमके एकच इंजिन निवडले तर मात्र दोघांचेही हात पोळतात. निवड गुप्त ठेवावी तर दुसरा तेच घेईल. आधी जाहीर करावी, तर गिऱ्हाइकाला दीड-दोन वर्षे वाट पाहायला लावावी लागते. हल्ली बरेच जण आधीच नोंदणी घेतात. काहींनी तर साच्यांसाठी गिऱ्हाइकांकडूनच आगाऊ पैसे घेतले, आणि काही वेळा गाडीही आली नाही नि पैसेही गेले.

भांडवल असूनही धंदा कसा बसतो, याचे उदाहरण हॉर्नबीचेच. त्यांची डब्लो गाडी धातूची, भरभक्कम, तीन रुळांची. मधला रूळ विजेचा. पण खऱ्या मार्गाला मधला रूळ असतो का? १९५० च्या नाताळात रोव्हेक्स या कंपनीने एका मोठ्या दुकानदारासाठी प्लॅस्टिकची, दोन रुळांची, स्वस्त गाडी काढली. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्स यांनी रोव्हेक्स विकत घेतली आणि तिचा माल ‘ट्रायँग’ नावाने बाजारात भरला. हॉर्नबीने १९५९ मध्ये दोन रूळ स्वीकारले, पण उशीर झाला होता. १९६४ साली लाइन्स ब्रदर्सनी ती कंपनीच घेतली. आणि नियती पाहा, १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्स स्वतःच कोसळले. नाव मात्र हॉर्नबीचेच टिकले. लोकांना आठवते ते नाव, मालक कोण हे नव्हे.

पुढे जुळवणीची मजुरी परवडेना, म्हणून १९९० नंतरच्या दशकात हॉर्नबीने उत्पादन चीनमध्ये नेले. तिथल्या सांडा कान या कारखान्यावर त्यांची भिस्त होती. २००८ च्या अखेरीस हाँगकाँगच्या केडर कंपनीने सांडा कान घेतली. आणि हॉर्नबीचा प्रतिस्पर्धी बाकमन हा केडरच्याच घरचा! दुसऱ्याच्या विहिरीवर मळा लावणाऱ्या शेतकऱ्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पुढची काही वर्षे माल वेळेवर येईना, दुकानांची फळी रिकामी. मेर्क्लिनलाही २००९ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २०१३ मध्ये ती एका खेळणी-उद्योगसमूहाकडे गेली आणि सावरली.

गिऱ्हाईकही बदलले आहे. पूर्वी बाप मुलासाठी घेई, आता बहुतेक वेळा बाप स्वतःसाठीच घेतो, आणि तोही पिकल्या केसांचा. त्याला शिट्टीचा आवाज हवा, धूर हवा, दिवे हवेत. किंमत चढते, ती चढली की मुले दूर जातात. उद्याचा गिऱ्हाईक आज कुठे तयार होणार, हा प्रश्न कारखानदारांना सतावतो, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळही नाही.

आपल्याकडच्या गाड्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. भारतीय इंजिनांच्या तयार प्रतिकृती बाजारात फार थोड्या. एक कारण रुळांचे आहे. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागले तर १९.३ येतात, आणि त्या मापाचे तयार रूळ दुकानात मिळत नाहीत. मग १६.५ च्याच रुळांवर भागवावे लागते. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे सहल नेलीत तर मुलांच्या हाती फूटपट्टी जरूर द्या. आणि कुर्डुवाडी-बारशीकडची जुनी माणसे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक हिशेब करून ठेवला आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बारशी लाइटचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आता तिथे रुंद रूळ आले. पण त्या जुन्या मापाला ८७ ने भागा, पावणेनऊ येतात. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात हवे तितके मिळतात.