चेहऱ्यावरील नको असलेले केस : आधी कारण, मग उपाय

विषय नाजूक आहे, पण घरोघरी आहे. ओठांवर किंवा हनुवटीवर केस दिसू लागले की मुलगी चारचौघांत यायला लाजते, आणि पाहुणे बघायला येणार म्हटले की आई तिला घाईने पार्लरला पाठवते. मी बी.कॉम., नोकरी बँकेतली, डॉक्टर नव्हे. पण वाचून जे समजले ते मांडते, कारण या घाईत केस कशाने आले हे विचारायचेच राहून जाते.

बारीक लव सगळ्यांनाच असते आणि काही घराण्यांत ती जास्त असते. मात्र जाड, काळे केस वाढत असतील, पाळी अनियमित असेल, मुरुमे जात नसतील, तर पीसीओएसची शक्यता असते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. यात अंडाशयातून पुरुषी हार्मोन्स जास्त तयार होतात. अशा मुलीला पुढे मधुमेहाचा धोकाही जास्त, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. थोड्याच महिन्यांत केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. पाळी गेल्यावर हनुवटीवर चार राठ केस येणे मात्र नेहमीचे आहे. माझ्या वयाच्या मैत्रिणींनी धास्ती घेऊ नये. आणखी एक : गोरे दिसायला म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमे बरेच दिवस लावली तरी चेहऱ्यावर केस येतात. हे आपल्याकडे फार चालते.

आता उपाय. थ्रेडिंग स्वस्त आणि सोपे. दोरा व हात स्वच्छ हवेत, नाहीतर पुळ्या येतात. वॅक्सने चेहऱ्याची कातडी सोलवटू शकते. केस काढायची क्रीम चेहऱ्यासाठी आहे असे डब्यावर लिहिले असेल तरच वापरावी, तीही आधी थोडी हातावर लावून बघावी. हळद-बेसनाने चेहरा उजळ वाटेल, पण मुळासकट केस जात नाहीत.

वस्तऱ्याला आपल्या बायका सर्वांत जास्त घाबरतात, कारण केस दाट येतात असा समज. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधक बाईंनी हे मोजून पाहिले. दाढी केल्याने केसांची वाढ किंवा जाडी बदलली नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते हाताला राठ लागते, इतकेच.

कायमचा म्हणता येईल असा उपाय म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ साली आत वळलेल्या पापण्यांसाठी तो वापरला. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडतात, त्यामुळे वेळ फार लागतो. पण पांढऱ्या केसांवरही तो चालतो. लेसर केसातल्या काळ्या रंगावर काम करतो, म्हणून पांढऱ्या केसांवर चालत नाही. आपली कातडी सावळी असल्याने चुकीच्या मशीनने भाजू शकते, डाग राहू शकतात. सावळ्या कातडीला एनडी-याग प्रकारचा लेसर तुलनेने सुरक्षित. कोणते मशीन आहे आणि ते कोण चालवणार, हे विचारायला संकोच करू नये. पीसीओएस असेल तर लेसरनंतरही केस परत येऊ शकतात, म्हणून औषध जोडीला लागते. त्या गोळ्यांचा गुण दिसायला सहाएक महिने जातात, आणि काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीने डॉक्टरांना हे आधीच सांगावे.

पैशाचे मी अधिकाराने सांगू शकते. सगळ्या पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका, प्रत्येक सिटिंगची पावती घ्या, आणि ‘कायमचे जातील’ ही हमी लेखी मागून बघा. बहुतेक ठिकाणी देत नाहीत. केवळ सौंदर्यासाठीचा खर्च आरोग्यविम्यात सहसा बसत नाही. कोल्हापूरचे सीपीआर किंवा बेळगावचे बिम्स, दोन्ही सरकारी. तिथे आधी दाखवून निदान करून घेतले तर पार्लर-क्लिनिकच्या फेऱ्या वाचतात.

लेसरच्या सहा-आठ सिटिंग लागतात, दोहोंत साधारण महिन्याचे अंतर. त्याआधी चार-सहा आठवडे थ्रेडिंग आणि वॅक्स बंद ठेवावे लागते. लग्न दोन महिन्यांवर आले असेल तर लेसर सुरू करू नका. त्या दिवसापुरते थ्रेडिंग पुरेसे आहे.