कुणी न लावलेला गंधार

तंबोरा सुरात लागला, जवारी खुलली, की थोडा वेळ गाऊ नये, नुसतं ऐकावं. पंचम, दोन जोडाच्या तारा, खर्ज. गंधार यांतल्या एकाही तारेवर लावलेला नाही. तरी खर्जाच्या नादातून तो अलगद वर येतो! गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि भौतिकशास्त्रातही याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

खर्जाची तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते असं धरू. ती अख्खी डोलते, आणि त्याच क्षणी दोन, तीन, चार, पाच भागांतही डोलत असते. म्हणून ११०च्या सोबत २२०चा षड्ज, ३३०चा पंचम, ४४०चा तार षड्ज आणि ५५०चा तार गंधार निघतो. मूळ कंपनाच्या पूर्ण पटीतले हे उपस्वर म्हणजेच हार्मोनिक्स.

तार बरोबर मध्यावर छेडली, तर जे उपस्वर मध्यबिंदू स्थिर ठेवतात ते, म्हणजे सम पटींचे, उमटायलाच नकोत, असं यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम सांगतो. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याचं कारण तारा ज्यावर टेकतात त्या घोडीत दाखवलं. मिरजेचे कारागीर घोडीची रुंद पाठ घासून तिला अगदी किंचित बाक देतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. कंपणारी तार त्या पाठीला पुन्हा पुन्हा टेकते, सुटते, आणि हरवलेले स्वर परत येतात. केवळ कानाच्या भरवशावर साधलेली ही किमया, हीच जवारी!

पूर्ण पटींचं हेच गणित भिंतीतल्या वायरीतही चालतं. आपली वीज ५० हर्ट्झची, लाटेसारखी गुळगुळीत. पण कॉम्प्युटर किंवा एलईडी दिवा बहुधा लाटेच्या माथ्यावरच घोटाघोटाने प्रवाह ओढतो. पुन्हा पुन्हा येणारा कुठलाही वेडावाकडा आकार म्हणजे साध्या लाटांची बेरीज, हा गणितज्ञ फूरियेचा विचार (उष्णतेवरच्या त्याच्या १८२२च्या ग्रंथातला) इथे लागू पडतो. त्या घोटांत १५०, २५०, ३५० हर्ट्झ दडलेले असतात.

वीजपुरवठ्याच्या तीन फेज एकमेकांपासून एक तृतीयांश आवर्तनाने मागेपुढे असतात. भार सारखा असेल तर ५०चे प्रवाह तिघींच्या सामाईक न्यूट्रल वायरीत एकमेकांना मिटवतात. पण १५०चं एक पूर्ण आवर्तन त्या तृतीयांशात चपखल बसतं, म्हणून तिन्ही फेजांतले १५०चे प्रवाह एकाच वेळी उठतात, न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते आणि वायर तापते.

५०ला षड्ज माना. न्यूट्रल तापवणारा १५० म्हणजे पंचम, आणि त्याच्या पुढचा २५० म्हणजे तोच, कुणी न लावलेला गंधार.