लिंकनच्या चौथऱ्यावर जॉन लुइस

1865 च्या एप्रिलमध्ये अब्राहम लिंकन यांची शवपेटी ठेवण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये घाईघाईने एक चौथरा ठोकला गेला. पाइनच्या साध्या फळ्या आणि त्यांवर काळं कापड. तो चौथरा अजून वापरात आहे. कापड अनेकदा बदललं, फळ्या बऱ्याचशा त्याच. 27 जुलै 2020 रोजी कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाच्या, घुमटाखाली याच चौथऱ्यावर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले कृष्णवर्णीय खासदार जॉन लुइस यांची पेटी विसावली. लुइस यांचे आईवडील अलाबामात दुसऱ्याच्या जमिनीत बटाईने कापूस पिकवत.

घुमटाखाली कुणाला ठेवायचं हे ठरवण्याची पद्धत तशी साधी आहे. संसदेची दोन्ही सभागृहं ठराव करतात किंवा त्यांचे नेते संमती देतात. पहिला मान 1852 मध्ये सिनेटर हेन्री क्ले यांना मिळाला. त्यानंतर 168 वर्षांत त्या जागी एकही कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी आला नव्हता. 2019 मध्ये एलायजा कमिंग्ज या कृष्णवर्णीय खासदारांना असा निरोप मिळाला, पण तो शेजारच्या पुतळ्यांच्या दालनात. आणि ही इमारत उभारणाऱ्या हातांत गुलामांचेही हात होते. घुमटावरचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ओतण्याच्या कामात फिलिप रीड नावाचा गुलाम राबला होता. हे वाचलं की त्या घुमटाकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो लुइस यांच्या आयुष्यातला नागपूरचा धागा. जेम्स लॉसन नावाचा तरुण अमेरिकन मिशनरी 1953 मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तिथे राहून त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने वाचली, तीही नागपुरातच. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिलमधल्या एका चर्चच्या तळघरात तो विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागला. तिथे चालायची ती चक्क रंगीत तालीम. काहींनी गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ढकलून पाडायचं. बाकीच्यांनी हात न उचलता सोसायचं आणि डोकं कसं वाचवायचं ते शिकायचं. या वर्गात जॉन लुइस होते. लहानपणी घरच्या कोंबड्यांपुढे प्रवचनं देणारा हा मुलगा धर्मोपदेशक व्हायला नॅशव्हिलला आला होता. 1960 च्या फेब्रुवारीत तो इतर विद्यार्थ्यांबरोबर फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसला आणि तुरुंगात गेला. पुढे अटकांची संख्या चाळीसच्या घरात पोचली.

7 मार्च 1965 रोजी अलाबामातल्या सेल्मा गावात मतदानाच्या हक्कासाठी सुमारे सहाशे माणसं एडमंड पेटस पुलावर आली. पुलाला नाव होतं गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या एका सेनानीचं, जो पुढे सिनेटरही झाला. सर्वांत पुढे पंचवीस वर्षांचे लुइस. अलाबामाच्या राज्य पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. लुइस यांची कवटी फुटली. देशाने ते टीव्हीवर पाहिलं आणि पाच महिन्यांत मताधिकार कायदा झाला.

26 जुलै 2020 रोजी घोडागाडीवरून लुइस यांची पेटी त्याच पुलावरून नेली. रस्त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या, आणि पलीकडच्या टोकाला अलाबामाच्या त्याच पोलीस दलाचे जवान सलामी देत उभे होते. तिथून पेटी गेली माँटगोमेरीच्या राज्य विधानभवनात. जेफरसन डेव्हिसने 1861 मध्ये फुटीर दक्षिणेचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती याच इमारतीच्या दारात.

दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन. लुइस तेहतीस वर्षं प्रतिनिधिगृहात होते, पण आंदोलक म्हणून ते कधी निवृत्त झाले नाहीत. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी 2013 मध्ये कॅपिटॉलच्या परिसरातच त्यांना अटक झाली होती. 2016 मध्ये बंदुकांवरच्या निर्बंधांसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह सभागृहाच्या जमिनीवरच ठिय्या दिला होता. आता घुमटाखाली त्यांच्याच एका भाषणाचं ध्वनिमुद्रण लावलं गेलं आणि दोन्ही पक्षांचे सदस्य ते ऐकत उभे राहिले. करोनामुळे सामान्य लोकांना आत सोडणं शक्य नव्हतं. मग पेटीच बाहेर आणून पूर्वेकडच्या पायऱ्यांच्या माथ्यावर ठेवली, आणि माणसं जुलैच्या उन्हात रांगा लावून अंत्यदर्शन घेत राहिली. ज्याने सारी हयात रस्त्यावरच्या माणसांसोबत काढली त्याला हेच शोभलं, असं मला मनापासून वाटतं.

ज्या कायद्यासाठी त्यांनी डोकं फोडून घेतलं, त्याचा मुख्य आधार सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये काढून घेतला होता. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, ही तरतूद त्यामुळे निष्प्रभ झाली. तो खटला अलाबामातल्याच शेल्बी काउंटीचा. ही तरतूद पुन्हा लागू करणाऱ्या विधेयकाला प्रतिनिधिगृहाने लुइस यांचं नाव दिलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये ते 219 विरुद्ध 212 मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये चर्चा सुरू करायलाच साठ मतं हवी होती. ती मिळाली नाहीत.