पांढरी मिरी: साल गेली, तिखटपणा राहिला

काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलीची. हिरवे, पण पुरते भरलेले घोस तोडून उन्हात वाळवले की साल काळी पडून सुरकुतते. ती काळी मिरी. पांढरीसाठी दाणे लालसर पिकू द्यायचे, गोणपाटात भरून आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायचे. जिवाणू साल कुजवतात. मग ती चोळून, धुऊन काढायची आणि आतलं बी वाळवायचं. शंभर किलो ताज्या दाण्यांतून काळी मिरी साधारण ३३ किलो मिळते, पांढरी जेमतेम २५. शिवाय मेहनत जास्त. म्हणून ती महाग.

झोंबणारं पायपरिन मुख्यतः बियांत असतं, त्यामुळे तिखटपणा टिकतो. सुगंधी तेलांचा बराच वाटा मात्र सालीबरोबर जातो. काही पुड्या उघडल्यावर गोठ्यासारखा दर्प येतो, तो या कुजण्याचा. साचलेल्या पाण्यात तो वाढतो, वाहत्या पाण्यात कमी होतो.

इंडोनेशियाच्या बांका बेटावरची ‘मुंटोक’ पांढरी मिरी जगभर प्रसिद्ध आहे. चिनी हॉट अँड सोअर सूपचा ‘हॉट’ परंपरेने पांढऱ्या मिरीमुळेच. व्हाइट सॉस, मलई कबाब, कोल्हापुरी पांढरा रस्सा यांत काळे ठिपके नको असतील तर ही उपयोगी. केवळ रंगासाठी वापरायची, तर माझं मत काळीलाच. चार ठिपक्यांनी रस्सा बिघडत नाही. सूपची गोष्ट वेगळी, तिथे तो दर्पच हवा असतो. अख्खे दाणे आणा, लागतील तेवढेच कुटा आणि पूड शेवटी घाला; फार उकळली तर कडवटपणा येतो.